चिखलणीआधी छोट्या ट्रॅक्टरचे टायर बघून घ्या

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, आता मृगाची वाट. आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, महिनाभर अवकाश आहे, तेवढ्यात ट्रॅक्टरखाली वाकून एकदा टायर बघून घ्या. खाचरात गाडी रुतल्यावर टायरची आठवण येऊन उपयोग नसतो.

मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडच्या आपल्या खाचरांत पंधरा ते तीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर बरे पडतात. बांधावरून उतरतात आणि कोपऱ्यात वळतात. पण हिशेब करा. चिखलात ट्रॅक्टर किती दिवस असतो? फार तर तीन आठवडे. बाकीचं वर्ष सुकी नांगरट, पेंढ्याची ट्रॉली आणि डांबरी रस्ता. दुकानात भाताचा खास टायर दाखवतात, त्याला आर-टू म्हणतात. त्याच्या नक्षीचे दात नेहमीच्या आर-वनपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच असतात. चिखलात तो उत्तम चालतो, पण डांबरावर थरथरतो आणि भराभर झिजतो. म्हणून माझं मत असं : आर-वनच घ्या आणि चिखलणीपुरती टायरला लागून बसणारी लोखंडी जाळीची चाकं लावा. ती मात्र बांधावर पोचल्यावरच चढवायची, गावातल्या रस्त्यावर नाहीत. आर-थ्री ही बारीक नक्षी हिरवळीची, ती फार्महाऊसवाल्यांना लखलाभ. वर्षभर लोडर चालवून माती उपसणार असाल तर जाड आर-फोर ठीक, पण चिखलात त्याचे दात लवकर भरतात.

आता खरी गोम. तुमचा ट्रॅक्टर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेला, असेल तर टायरचा साइज मनाने बदलू नका. पुढची आणि मागची चाकं आतून गिअरने जोडलेली असतात, आणि पुढचं चाक मागच्यापेक्षा साधारण एक ते पाच टक्के जास्त धावेल असा मेळ कंपनीने बसवलेला असतो. पुढचा टायर मोठा घेतला तर पुढची चाकं जास्तच ओढतात, मागे मोठा घातला तर ती मागे खेचली जातात. चिखलात चाक घसरून ते निभावतं. कडक जमिनीवर टायर घासतो, स्टिअरिंग जड होतं आणि ताण गिअरवर जातो. मी स्वतः हे भोगलंय. हवा तो साइज नव्हता, दुकानदार म्हणाला, ‘एक नंबर मोठा चालतो, भाऊ.’ एका हंगामात पुढच्या टायरची नक्षी एका बाजूने गेली. तेव्हापासून जुन्या टायरवरचा आकडा कागदावर उतरवूनच जातो. 8.3-24 म्हणजे रुंदी 8.3 इंच आणि रिम 24 इंच. टायर जोडीनेच बदला, आणि डांबरावर फोर बाय फोर बंद ठेवा.

टायरच्या बाजूला कोरलेला हवेचा आकडा जास्तीत जास्त दाबाचा असतो, रोजचा नव्हे. शेतात आणि रस्त्यावर किती हवा हवी ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं. शेतात हवा कमी ठेवली की टायर पसरतो, पकड वाढते आणि माती कमी दबते. भातानंतर ओलीवर वाल पेरणाऱ्यांना त्याचा फायदा दिसेल. पण अति कमी केली तर ट्यूब रिमवर सरकते आणि वाल्व तुटतो. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर इतका कमी दाब नीट कळत नाही, त्यामुळे कमी दाबाचा छोटा गेज घरी असू द्या.

सुक्या नांगरटीत चाक घसरत असेल तर मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. वाल्व वरच्या बाजूला आणून वाल्वच्या पातळीपर्यंत भरलं की साधारण 75 टक्के भरतं. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून मीठ घालतात. आपल्याकडे साधं पाणी पुरतं. चिखलणीआधी मात्र ते काढून टाका. जड ट्रॅक्टर जास्त रुततो, आणि गरगर फिरणारं चाक खाचराखालचा कठीण थर उकरतं. तो थर फुटला की पाणी टिकत नाही आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा रुतायचं.

विकत घेताना टायरच्या बाजूचा चार आकडी तारखेचा शिक्का बघा. 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. तडे गेलेला जुना टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि बसवल्यावर बाजूवरचा बाण पुढे धावण्याच्या दिशेने आहे ना, हे मेकॅनिक उभा असतानाच तपासा. उलटा बसला तर नक्षीत चिखल अडकून राहतो.