अकूस्टिक गिटारच्या लाइव्ह मैफलीचं रेकॉर्डिंग: पिकअप, माइक आणि त्यांच्यातली वेळ

आयुष्यभर रॉक वाजवलेला कलाकार इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून एकटाच अकूस्टिक घेऊन बसतो, तेव्हा ड्रमच्या आड काहीच झाकलं जात नाही. तारेवरून घसरलेलं बोट, खुर्चीची कुरकुर, पायाचा ठेका, सगळं ऐकू येतं. यातलं बरंचसं ठेवण्याजोगं असतं, पण काय ठेवायचं हे नंतर ठरवता यावं यासाठी प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर हवा.

म्हणून मिक्सरच्या मेन आउटवर विसंबू नका. ते मिक्स हॉलमधल्या कानांसाठी असतं. लहान हॉलमध्ये गिटार स्पीकरशिवायही पोचते, साउंडवाला ती खाली ठेवतो आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता गाण्याचा आवाज पुढे येतो. डिजिटल मिक्सर असेल तर यूएसबीवरून प्रत्येक चॅनल फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) आणि ईक्यूच्या (सूर जाड-पातळ करणाऱ्या बटणांच्या) आधीचा घ्या. किमान पाच ट्रॅक: पिकअप (गिटारमध्येच बसवलेला, कंपनं पकडणारा भाग), गिटारचा माइक, गाण्याचा माइक आणि प्रेक्षकांचे दोन. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचे तासाला सुमारे ५२० एमबी होतात, म्हणजे दोन तासांचे पाच ट्रॅक ५ जीबीच्या वर जातात. सगळे ट्रॅक एकाच फाइलमध्ये जात असतील तर लक्षात ठेवा, फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही, त्यामुळे कार्ड आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

पिकअप हा कणा. गिटारमध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारं, बॅटरीवरचं सर्किट) असेल तर साधा डीआय, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, चालतो. बॅटरी मात्र त्याच दिवशी नवी घाला. नुसता पिझो (दाबावर चालणारा, ब्रिजखालचा पिकअप) असेल तर इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १ मेगाओम किंवा जास्त असलेला अॅक्टिव्ह डीआय हवा, नाहीतर खालचे सूर पातळ होतात. घूं असा आवाज आला तर आधी डीआयचं ग्राउंड लिफ्ट हे बटण दाबून बघा. तरीही राहिला तर साउंडची लाइन लाइटच्या डिमरपासून वेगळी करायला सांगा. विजेचं अर्थिंग तोडून हा घूं आवाज घालवायचा उद्योग कधीही करू नका; हात तारांवर आणि ओठ माइकला असतात.

नुसता पिझो टणटणीत, प्लास्टिकसारखा वाजतो. लाकूड ऐकू येण्यासाठी बारीक कंडेन्सर माइक लावा: जिथे गिटारची मान खोक्याला मिळते, साधारण १२ ते १४ व्या फ्रेटसमोर, २५ ते ३० सेंमीवर. साउंडहोलवर सरळ रोखलात तर १०० हर्ट्झच्या आसपास ढब्ब आवाज साचतो आणि मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर) घुमू लागतो. माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि मागचं टाळणारा, असेल तर मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवा. गाणं या माइकमध्ये फार शिरत असेल तर फिगर-एट माइक (पुढचं-मागचं ऐकणारा, कडेचं न ऐकणारा) घ्या आणि त्याची बहिरी बाजू कलाकाराच्या तोंडाकडे करा; फरक लगेच कळतो.

पायाने ठेका धरणारा वादक असेल तर स्टँडखाली जाड रबर घाला, लाकडी रंगमंच हा ठेका सरळ माइकपर्यंत नेतो. खुर्ची बिनहाताची आणि न कुरकुरणारी, ती बसून, हलून तपासा.

ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह, ही सगळी नाटकासाठी बांधलेली. हॉलची हवा रेकॉर्डिंगमध्ये आणायची तर प्रेक्षकांचे माइक मुद्दाम लावावे लागतात. रंगमंचाच्या दोन्ही कडांवरून ते प्रेक्षकांकडे वळवा, पण एसीच्या जाळीखाली नकोत. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर तिथे रेकॉर्डिंग ठेवूच नये. पावसाळ्यातल्या दमट हवेने लाकूड फुगतं, एसीत शिरलं की सूर सरकतात. गिटार तासभर आधी हॉलमध्ये आणून केस उघडी ठेवा. तारा आदल्या दिवशी बदललेल्या बऱ्या, अगदी ताज्या तारा ताणल्या जाऊन उतरत राहतात.

साउंडचेकला सगळ्यात जोरकस गाणं वाजवायला सांगा आणि शिखर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. टाळ्या पडल्या की हात आपोआप जड होतो, तेवढी मोकळीक लागतेच. सुरुवातीला रंगमंचावर एक खणखणीत टाळी सगळ्या ट्रॅकवर घ्या.

ती टाळी नंतर उपयोगी पडते. ३० सेंमीवरच्या माइकला आवाज पिकअपपेक्षा ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ४८ किलोहर्ट्झला सुमारे ४१ सँपल. तेवढं सरकवलं नाही तर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताच मधले सूर पोकळ होतात. सरकवून एका ट्रॅकची पोलॅरिटीही (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून बघा आणि ज्यात खर्ज भरीव लागतो ते ठेवा. एखादा माइक हॉलमध्ये मागे १२ मीटरवर ठेवला असेल तर त्याचा उशीर ३५ मिलिसेकंदांच्या घरात जातो, तोही ट्रॅक पुढे ओढा.

मिक्समध्ये पिकअपवर हाय-पास (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावताना ट्यूनिंग विचारा. साध्या ट्यूनिंगमध्ये जाड तार ८२ हर्ट्झची, पण ड्रॉप डी मध्ये (ती तार एक सूर खाली उतरवलेली असते) ७३ची. ८० चा कट सवयीने ठेवलात तर तोच सूर हलका पडतो, ६० पुरेसा आहे. पिझोचा टणटणाट १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये असतो, तो २-३ डीबीने उतरवा. प्रेक्षकांच्या माइकचा फेडर गाणं चालू असताना खाली ठेवा, पण शून्यावर नको, नाहीतर प्रत्येक गाण्याआधी हॉल अचानक नाहीसा होतो.

प्रसिद्ध करायचं असेल तर कलाकाराची लेखी परवानगी आधीच घ्या. त्या रात्री कार्डावरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, प्रत्येक ट्रॅक उघडून शेवटपर्यंत सरकवून बघा, मगच कार्ड पुसा.