रोमन चांदीची नाणी वाचताना या चुका टाळा

डिनेरियस हे रोमन चांदीचं नाणं आपल्या रुपयापेक्षाही लहान, पण मजकुराने खच्चून भरलेलं. तो मजकूर बातमी समजून वाचणं ही सगळ्यात मोठी चूक.

रोमन सम्राट नेर्वाचं नाणं बघा (कारकीर्द इ.स. 96 ते 98). मागच्या बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि भोवती 'कॉन्कॉर्डिया एक्झर्सितूउम', म्हणजे सैन्याचा एकोपा. प्रत्यक्षात सैनिकांचा पगार वाढवणारा आधीचा सम्राट डोमिशियन नुकताच मारला गेला होता आणि सैन्य धुसफुसत होतं. 97 मध्ये तर नेर्वाच्याच अंगरक्षक दलाने त्याला वेठीला धरून डोमिशियनच्या मारेकऱ्यांना ताब्यात घेतलं. शिपायांचा पगार याच नाण्यांत व्हायचा, त्यामुळे एकोप्याचा हा छाप नेमका कोणासाठी होता ते उघड आहे. मला तर ही चक्क मनधरणी वाटते.

नावं वाचतानाही गल्लत होते. 'सीझर' दिसलं की लगेच ज्युलियस सीझर समजू नका. पुढे ती पदवीच झाली, 'ऑगस्टस'सुद्धा. यू-च्या जागी व्ही कोरलेला असतो, म्हणून ऑगस्टसचं संक्षिप्त रूप 'एव्हीजी' असं दिसतं. नावाआधी 'डिवुस' असेल तर तो सम्राट मेलेला, देवपदाला पोचवलेला. नाणं बहुधा त्याच्या वारसाने पाडलेलं. साल हवं असेल तर 'टीआर पी' (ट्रिब्युनिशिया पोटेस्टास, म्हणजे सम्राटाकडचा ट्रिब्यून पदाचा अधिकार) या अक्षरांपुढचा आकडा शोधा. हा अधिकार दरवर्षी नव्याने मोजत. टायबेरियसच्या (14 ते 37) बसलेल्या स्त्रीच्या नेहमीच्या नाण्यावर मात्र तो आकडा नसतो, तिथे हटून बसू नका.

नाण्याचं साल म्हणजे ते भारतात आल्याचं साल, हाही गैरसमज. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने गायस आणि ल्युशियस या दत्तक वारसांना ढाल-भाल्यांसह नाण्यावर मिरवलं. ल्युशियस इ.स. 2 मध्ये गेला, गायस 4 मध्ये. दक्षिण भारतात ही नाणी भरपूर सापडली आहेत, आणि ती वारसांच्या मृत्यूनंतरही चालत राहिली. सम्राट नीरोने 64 मध्ये वजन आणि चांदीचा कस दोन्ही उतरवले, तेव्हा जुन्या नाण्यांचा भाव टिकला तो चांदीमुळे. इथल्या व्यापाऱ्याला त्या राजपुत्रांशी काय देणंघेणं?

महाराष्ट्रात आणखी एक घोटाळा होतो. चांदीचं लहान नाणं, त्यावर चेहरा, कडेला ग्रीक अक्षरं: हे 'रोमन' नाणं बऱ्याचदा पश्चिम भारतातला शक राज्यकर्ता क्षत्रप नहपान याचं निघतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये अशी तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. शंका आली तर वजन करा. नहपानाचं दोन-अडीच ग्रॅमच्या आत, डिनेरियस साधारण साडेतीन ते चार. नहपानाच्या मागच्या बाजूला बाण आणि वज्र असतं.

अक्षरं पुसट असतील तर चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून घासू नका, उरलंसुरलंही जाईल. उजेड तिरपा पाडा आणि नाणं हळूहळू फिरवत भिंगातून पाहा. शेतात सापडलेलं असेल तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.