मक्याच्या लष्करी अळीवर कोराजेन मारताना
कोराजेन हे कीटकनाशक मारलं आणि दुसऱ्या दिवशी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी वळवळताना दिसली की लोक लगेच दुकानात पळतात, अजून कडक काहीतरी द्या म्हणून. थांबा जरा. यातला घटक आहे क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, तो अळीच्या स्नायूंतल्या कॅल्शियमच्या साठ्याची दारं उघडीच ठेवतो, कॅल्शियम गळत राहतं आणि स्नायू कामातून जातात. काही तासांतच अळीचं खाणं बंद होतं, मरायला मात्र दोन-तीन दिवस घेते. त्यामुळे अळी नाही, विष्ठा बघा. ताजी ओली विष्ठा पडत नसेल तर काम झालंय. नवीन पान उलगडताना त्यावर ओळीने भोकं दिसतील, ती आधीच पोंग्यात असताना खाल्लेली असतात, त्याला फसू नका.

आता मारायचं कधी, तर अळी बारीक असताना, पानावर पांढरट खिडक्यांसारखे चट्टे दिसतात तेव्हा. १०० झाडांतली १० झाडं अशी दिसली की पंप काढाच. अळी लष्करीच आहे ना तेही बघा, डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. मोठी अळी पोंग्यात खोल बसून वर विष्ठेचं बूच मारते, तिथे फवारा पोचतच नाही, मग कितीही भारी औषध असू द्या.

प्रमाण लिटरला ०.४ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ मिली, बाटलीच्या झाकणाने अंदाज नको. हे औषध पोटात गेलं की जास्त चालतं म्हणून नोझल थेट पोंग्यात धरायचं, वरवर पानं भिजवून पैसे वाया. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी मारा. लेबल हिरवं, म्हणजे कमी विषारी असलं तरी मास्क आणि हातमोजे घालाच, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून मारू नका, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करतानाच माणसं गेलीत.

पुढच्या फवारणीला मात्र औषधाचा गट, म्हणजे अळीवर मार करायची पद्धत बदला, आणि इथेच दुकानदार घोळ घालतो. फ्लुबेंडियामाइड घेतलं तर डबी वेगळी पण गट तोच, २८ नंबरचा, अळीवर मार एकाच जागी बसतो आणि ती लवकर सरावते. त्याऐवजी इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम नाहीतर स्पिनेटोरम ११.७ एससी लिटरला ०.५ मिली घ्या. मका चाऱ्याला कापणार असाल तर किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचूनच कापा.