आजीचं गोंदण फोटोत नीट यायला काय करायचं

आदिवासी पोर्ट्रेट म्हटलं की आपण लगेच बस्तरची तिकिटं बघतो, पण इथे आपल्या मुंबईतच आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वारली पाडे आहेत आणि तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हातांवर अजून जुनं गोंदण बघायला मिळतं.

पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. पाड्यातल्या ओळखीच्या कुणाबरोबर जा, बसा, चहा घ्या, गोंदलं तेव्हा किती वर्षांच्या होतात आजी असं विचारा, आणि फोटो कुठे लागणार, विकणार का, तेही सरळ सांगा. नको म्हणाल्या तर विषय संपला. आणि प्लीज, लुगडं असं नेसा, ते जास्तीचे दागिने घाला असलं काही सांगू नका, रोज अंगावर असतं तेच खरं.

फ्लॅश नकोच, त्वचा चकाकते आणि गोंदण पुसल्यासारखं दिसतं, माझे पहिल्या वेळचे सगळे फोटो असेच वाया गेले. सकाळी पडवीत किंवा दाराच्या आत दोनेक फुटांवर बसवा, बाहेरचा मऊ उजेड एका बाजूने येऊ दे. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, असेल तर हळू फिरवत बघा, दंडावरची चकाकी गेली की फिकट ठिपके एकेक करून वर येतात.

85 एमएम लेन्स, एफ/5.6 (लेन्सचं छिद्र थोडं लहान, म्हणजे पुढचं-मागचं जास्त शार्प येतं), कारण हात गालाजवळ असला तर दोन्ही शार्प हवेत. मागे अंधार असला की कॅमेरा चेहरा नको तेवढा उजळ करतो, म्हणून कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, -0.7 करून बघा, सावळा रंग सावळाच राहू दे.

आता मेन गोष्ट, फोटो रॉमध्येच काढा, म्हणजे जेपेगऐवजी कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जी नंतर मोकळेपणाने एडिट करता येते. काजळीचं गोंदण वर्षांनुवर्षांनी हिरवट-निळं पडतं आणि त्वचेत लाल रंग जास्त असतो, त्यामुळे एडिटिंग ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल-नारिंगी स्लायडर वर आणि हिरवा-निळा खाली घेतला की नक्षी एकदम उठून येते. पण त्याने चेहरा गोरा व्हायला लागतो, मग एक्स्पोजर परत थोडं खाली आणा. सुरकुत्यांना हात लावायचा नाही.

पहिला प्रिंट आजींना, मॅट पेपरवर, ए4 तरी हवा. कॅप्शनमध्ये नुसतं 'आदिवासी स्त्री' लिहू नका, त्यांना विचारून त्यांचं आणि पाड्याचं नाव टाका, आणि हातावरच्या नक्षीला त्या जे म्हणतात तोच शब्द.