उलट्यांनंतर पोरीला काय दिलं (माझा अनुभव)

नागपूरचा मे महिना अन् त्यात पोरीला उलट्या, काही दिलं की बाहेर. सासूबाई म्हणे उसाचा रस दे, मी नाही दिला, जास्त साखरेनं जुलाब वाढतात. दहाएक मिनिटं पोटाला आराम दिला, मग ओआरएस (क्षार-साखरेची पावडर घातलेलं पाणी), एकेक चमचा, दर दोन मिनिटांनी. कंटाळा येतो पण गटागटा पाजलं की परत उलटी होते ना बापा! ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं, अंदाजे नाही, 24 तासांनी उरलेलं फेकायचं. भूक लागल्यावर मऊ वरणभात, केळं, थोडं दही. तर्री-पोह्यांकडे बघत होती, पण नाहीच दिले. सहा तास सू नाही झाली, पोर सुस्त पडलं किंवा उलटी हिरवी, रक्ताची असली तर सरळ डॉक्टरकडे न्या.