भिंतीला सोनेरी तास नसतो: पोत टिपायला निघालेल्यांसाठी

कॅमेरा हाताळता येतो, रॉ फाइलवर काम करता येतं आणि आता पोत या विषयावर एक मालिका करायची आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. दगड, साल, गंज, पोपडे सुटलेला गिलावा. विषय सोपा वाटतो, कारण तो पळून जात नाही. पण पोताच्या फोटोत चेहरा नसतो, प्रसंग नसतो. पृष्ठभाग जिवंत झाला नाही, तर बघायला काहीच उरत नाही. माझी पहिली मालिका इथेच पडली, म्हणून उजेडाबद्दल जरा लांबण लावते.

सगळे एकच सांगतात: सोनेरी तास गाठा, म्हणजे सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तिरक्या, मऊ उन्हाचा वेळ. जमिनीसाठी हे खरं आहे. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. तिथे कातळ आडवा पसरलेला, सकाळचं ऊन त्याला घासत जातं आणि खळग्याची प्रत्येक कड सावली टाकते. तोच सल्ला घेऊन मी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या पूर्वेकडच्या भिंतींपुढे उजाडल्यापासून उभी राहायचे आणि फोटो सपाट यायचे. ऊन पृष्ठभागाला घासून गेलं तरच उंचसखलपणा दिसतो. समोरून आलं की सावल्या उंचवट्यांच्या मागे दडतात. सकाळी सातला पूर्वेच्या भिंतीवर ऊन थेट समोरून येतं. रंग सुरेख, पोत शून्य.

पूर्वेच्या भिंतीची खरी वेळ भरदुपारची. पुण्या-मुंबईत सूर्य माथ्यावर बाराला येत नाही, साधारण साडेबाराच्या मागेपुढे येतो. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास पूर्वेच्या भिंतीचा, नंतरचा तेवढाच पश्चिमेच्या. त्या वेळात टाकीचे घाव एकेक करून वर येतात, चुन्यातला वाळूचा कणसुद्धा स्वतःची सावली टाकतो. दहा मिनिटांत चित्र बदलतं, म्हणून चौकट आधी लावून ठेवा.

ऋतूही बघायला हवा. मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवसांच्या (सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांच्या) सुमारास, दुपारचं ऊन सरळ वरून खाली उतरतं. त्यात विटांचे आडवे सांधे उठून दिसतात, पण उभ्या भेगा आणि पन्हळी पत्र्याच्या उभ्या नळ्या गायब होतात, कारण ऊन त्यांच्या दिशेनेच धावत असतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून 48 अंशांच्या आसपास असतो. मग त्याच भिंतीवर ऊन तिरकं उतरतं आणि आडवं-उभं दोन्ही दिसतं. उत्तरेच्या भिंतीचा हिशेब आणखी वेगळा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात त्या बाजूच्या तटाला थेट ऊन मिळतच नाही. मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, तेव्हा सकाळचं ऊन तिथल्या दगडांना छान घासून जातं. म्हणजे सोनेरी तास तिथे चालतो, पण ठरावीक महिन्यांतच. भिंत निवडली की आधी फोनमधलं होकायंत्र काढा आणि तिचं तोंड कुठे आहे ते वहीत लिहा. हे एवढं केलंत तर अर्धी लढाई जिंकलीत.

आणि कृपा करून फोटो एडिट करताना क्लॅरिटीच्या स्लायडरवर विसंबू नका. तो स्लायडर असलेल्या फरकाला धार देतो, नसलेली सावली आणत नाही. फोनवर फोटो करकरीत दिसतो, पण छापला की प्रत्येक कडेला पांढरी किनार उमटते. विकतचे प्रीसेट, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंग्ज, तर मी सरळ टाळायला सांगेन. सगळ्या भिंती एकाच भिंतीसारख्या दिसायला लागतात.

झाडांबाबत मात्र घाबरू नका, झाड उदार असतं. खोड गोल असल्यामुळे ऊन कुठूनही आलं तरी उजेड आणि सावलीच्या सीमेवर एक उभी पट्टी सापडतेच. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी फुटलेली असते. त्या पट्टीत तिची खोली नीट कळते. तुम्ही फक्त खोडाभोवती फिरा.

सगळा पोत सावलीचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. गंजाचे थर, ओलीचे डाग, शेवाळ, कांडोळाच्या झाडाची पांढुरकी गुळगुळीत साल हा रंगाचा पोत. त्याला पावसाळ्यातलं ढगाळ आभाळच हवं. कडक उन्हात डाग फिके पडतात आणि ओला गंज नुसता चमकतो. एकाच मालिकेत दोन्ही चालतात, पण कोणता फोटो कशासाठी आहे हे तुमचं तुम्हाला माहीत हवं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सेन्सर भिंतीला समांतर ठेवा, नाहीतर कोपरे मऊ येतात. अ‍ॅपर्चर एफ 8 ते 11 पुरतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. केंद्रीय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, ती आधी काढा. महागड्या कॅमेऱ्यासाठी थांबून राहू नका. 12 बाय 18 इंचांची 300 पीपीआयची (इंचाला 300 पिक्सेल) प्रिंट म्हणजे 3600 बाय 5400 पिक्सेल, 24 मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा ते सहज देतो.

मार्गदर्शक कसा निवडावा, यावर माझं मत ठाम आहे. जो फक्त स्क्रीनवर बघून ‘मस्त’ म्हणतो, त्याच्याकडून फार मिळत नाही. प्रिंट हातात घेऊन खिडकीपाशी नेणारा माणूस शोधा. त्याच्याकडून बोलणी बसतील, बसू द्या. आणि कुणाचं काम बघायचं, तर अ‍ॅरन सिस्किंडचं (1903–1991). हा अमेरिकन छायाचित्रकार आधी सामाजिक विषयांचं दस्तावेजीकरण करायचा, 1940च्या दशकात तो सोललेल्या रंगाच्या भिंतींकडे वळला. त्याच्या प्रतिमा बघताना भिंत कुठली हे विचारावंसं वाटत नाही, आकारच बोलतात. तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि लागलाच पाहिजे.

सुरुवातीला एकच भिंत घ्या, घराजवळची. डिसेंबरात आणि मे महिन्यात, एकाच जागेवरून, एकाच लेन्सने टिपा. दोन्ही फोटो ए4 आकारात छापून शेजारी-शेजारी टाचणीने लावा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. कोणता आधी काढून टाकावासा वाटतो, ते वहीत भिंतीच्या दिशेशेजारी लिहून ठेवा.