वरच्या मजल्यावर वायफाय न्यायचं तर आधी केबल न्या

हॉलमध्ये फायबरच्या राउटरजवळ स्पीड ३०० एमबीपीएस दिसतो आणि वरच्या बेडरूममध्ये साधा व्हिडिओ कॉल अडकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मधल्या स्लॅबचा असतो. पाच-सहा इंच काँक्रीट आणि त्यातलं सळ्यांचं जाळं ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ गिळून टाकतं. २.४ गिगाहर्ट्झ वर पोचतो, पण शेजारपाजारच्या वायफायच्या गर्दीत. अशा वेळी लोक रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पसरवणारं उपकरण, आणतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्याच्यापर्यंत पोचणारा सिग्नलच मरतुकडा असेल तर पुढे पसरतो तोही तसाच. खात्रीचा उपाय एकच: राउटरपासून वरच्या मजल्यापर्यंत केबल टाका आणि तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारं उपकरण, लावा.

सामान फार नाही. राउटरजवळ ५ किंवा ८ पोर्टचा गिगाबिट स्विच (एका पोर्टातून अनेक वायर जोडू देणारा डबा), कॅट ६ नेटवर्क केबल, दोन्ही टोकांना भिंतीवर आयओ बॉक्स (केबलचं सॉकेट), १ मीटरचे दोन-तीन तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या केबल) आणि ॲक्सेस पॉइंट. वर फक्त एकच केबल न्यायची असेल आणि राउटरवर पोर्ट रिकामा असेल, तर स्विचशिवायही भागतं. टीव्ही, कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर हेही वायरवर घ्यायचे असतील तर स्विच हवाच. राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिट असतीलच असं नाही. काहींत एकच असतो. स्विचची केबल त्याच पोर्टात लावा.

शक्य असेल तर पीओई स्विच घ्या. मग ॲक्सेस पॉइंटला वीज त्याच केबलमधून मिळते, छताजवळ वेगळा प्लग काढावा लागत नाही, आणि राउटर व स्विच इन्व्हर्टरवर असले की लाइट गेल्यावरही वरचं वायफाय चालू राहतं. मात्र डब्यावर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी ही पीओईची मानकं लिहिली आहेत का ते बघा. एएफ पोर्टमागे १५.४ वॉट देतो, एटी ३० वॉट. २४ व्होल्टचा ‘पॅसिव्ह’ पीओई काही न विचारता सरळ वीज सोडतो. जे उपकरण त्यासाठी बनलेलं नाही ते त्याने जळू शकतं.

खरी काटकसर नको ती केबलमध्ये. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच केबल ‘सीसीए’ असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. दुकानातच तार ब्लेडने खरवडून पाहा: आत पांढुरकी चमक दिसली तर परत करा. ती वळणावर तुटते, आणि तिचा रोध जास्त असल्याने पीओईची वीज वाटेतच कमी होते. शुद्ध तांब्याचीच घ्या. एका पल्ल्यात एकूण मर्यादा १०० मीटर आहे. घरात तिचा पावही लागत नाही.

केबल विजेच्या तारांच्या पाइपमधून कधीच ओढू नका. जागा आहे म्हणून इलेक्ट्रिशियन तेच सुचवेल, पण २३० व्होल्टच्या तारेचं इन्सुलेशन कुठे सोललं तर तोच करंट तुमच्या स्विचवर आणि हातावर येईल. वेगळा २५ मिमीचा पाइप टाका. विजेच्या पाइपला समांतर जायचं असेल तर फूटभर अंतर ठेवा, आडवं जायचं असेल तर काटकोनात. पाइप उघडलाच आहे तर दोन केबल ओढून ठेवा, कारण भिंत पुन्हा फोडणं केबलपेक्षा कितीतरी महाग पडतं. जिन्यातून किंवा बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची आउटडोअर केबल घ्या. साधी करडी केबल उन्हाने काही वर्षांत तडकते. अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत जायचं असेल तर तांबं टाळून फायबर टाका. वीज जवळ कोसळली तर तांब्याच्या तारेतून दोन्हीकडची उपकरणं जातात.

आता टोकं. दोन्हीकडे हाच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी तुमच्यापासून पलीकडे आणि केबल खालून येत असेल, तर पांढरा-केशरी डावीकडे येतो. जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त सोडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत शिरलेलं हवं, नाहीतर पहिल्याच हिसक्याला तारा सुटतात. एक चूक केबल तपासायचा साधा टेस्टरही पकडत नाही. दोन्ही टोकांना ‘केशरीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी’ असा सरळ क्रम लावला तर आठही दिवे नीट लागतात, पण ३ आणि ६ नंबरच्या पिना एकाच पिळाच्या जोडीवर राहत नाहीत. मग लिंक लागते, पण डेटा गळतो. रंगांचा क्रम डोळ्यांनीच तपासा.

ॲक्सेस पॉइंट म्हणून जुना राउटरही चालतो. त्याला आधी एकट्याला लॅपटॉपशी जोडा. सेटिंगमध्ये ‘एपी मोड’ (ॲक्सेस पॉइंट मोड) असेल तर तोच निवडा. नसेल तर क्रमाने तीन कामं करा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्या राउटरसारखाच ठेवा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मुख्य राउटर १९२.१६८.२९.१ वर असेल तर १९२.१६८.२९.२. पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे राउटर उपकरणांना आपोआप पत्ते देतो त्या सोयीच्या, वाटपातला नको. शेवटी त्याच्या नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. मग खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या) लावा. वॅन पोर्ट (इंटरनेटची केबल लावायचा) रिकामाच राहू द्या. केबल वॅनमध्ये गेली तर त्याच्यामागे वेगळं नेटवर्क तयार होतं: इंटरनेट चालतं, पण वरच्या लॅपटॉपवरून खालचा प्रिंटर सापडत नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर काही फोनना इंटरनेट मिळतं, काहींना मिळत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

वायफायचं चॅनल हाताने ठरवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांतलेच, खाली १ तर वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६, वर १४९. फोन जिना चढल्यावरही खालच्याच वायफायला चिकटून बसत असेल तर खालच्या राउटरची २.४ ची ताकद ‘मीडियम’ करा. कुठल्या सिग्नलवर जायचं हे शेवटी फोनच ठरवतो.

सगळं जोडल्यावर लॅपटॉप वरच्या आयओला वायरने लावा आणि लिंक स्पीड बघा. १ जीबीपीएस हवा. १०० एमबीपीएस दिसला तर बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसलेली नसते, कारण १०० साठी १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात. कनेक्टर कापून नवा लावा. आणि अचानक घरभरचं नेट बंद पडून स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकायला लागले, तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली आहेत का ते पाहा. एकेक केबल काढत जा. दिवे शांत झाले की गुन्हेगार तीच.